पन्नास रुपयांचे अंडे: कडकनाथच्या एका युनिटचा हिशेब

पहिली २,००० अंडी नगाला ५० रुपये. पुढची २,००० अंडी ३० रुपये. त्यानंतरची ३,५०० अंडी २० रुपये. आणि वर्ष सरले की पक्षी ३७५ रुपयांना परत.

सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरातून पसरलेल्या, कडकनाथ या काळ्या कोंबडीच्या पालन योजनेचा हा खरेदीचा दर. २०१९ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात तो महाराष्ट्रभर गाजला, कारण तोवर योजना बसली होती. हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले, फसवणुकीचे गुन्हे दाखल झाले. सप्टेंबरात तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांची महाजनादेश यात्रा सांगली जिल्ह्यात आली, तेव्हा स्वाभिमानी शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ताफ्यासमोर कडकनाथ कोंबड्या आणि अंडी फेकली. राज्यभर टीव्हीवर दिसलेले कडकनाथचे हेच पहिले मोठे दर्शन असावे.

कोण पळाले, कोणाला अटक झाली, कोणाचा कोणावर वरदहस्त होता, यावर तेव्हा भरपूर लिहून आले. इथे ते उगाळायचे नाही. कोंबड्या पाळणाऱ्या माणसाने तो दर नुसता कागदावर मांडला असता, तर योजना कधी आणि का बुडणार हे त्याला पैसे भरण्याआधीच दिसले असते. दुर्मिळ जातीची उबवणीची अंडी विकण्याचा धंदा आजही जोरात आहे. कडकनाथ आहे, असील आहे, परदेशी रंगीत जाती आहेत. गणित सगळीकडे तेच लागते, म्हणून हे प्रकरण हिशेबाच्या बाजूने मांडतो.

युनिट म्हणजे काय होते

योजना चालवणाऱ्या कंपनीकडे एका युनिटला ७५,००० रुपये भरायचे. बदल्यात २०० पक्षी, वेळोवेळी खाद्य, औषधे, लस आणि भांडी मिळायची. तीन महिन्यांनी त्यातले ८० पक्षी कंपनी घेणार. शेतकऱ्याकडे उरणार १०० माद्या आणि २० नर. त्यांची ७,५०० अंडी वरच्या दराने कंपनी उचलणार.

बेरीज करू. अंड्यांचे एक लाख, अधिक साठ हजार, अधिक सत्तर हजार, म्हणजे २,३०,००० रुपये. शेवटी १२० पक्ष्यांचे ३७५ च्या दराने ४५,०००. एकूण २,७५,०००. पाऊण लाखाचे पावणेतीन लाख.

पश्चिम महाराष्ट्राला करारावरच्या कुक्कुटपालनाची चांगली ओळख आहे. ब्रॉयलरच्या करारात पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे. शेतकऱ्याचे शेड, पाणी, वीज आणि राबणे. बॅच उचलली की किलोमागे संगोपनाचा दर हातात पडतो. तो दर कमी म्हणून शेतकरी कुरकुरतो, पण पक्ष्यांत अडकलेले भांडवल कंपनीचे असते आणि पक्षी विकायची घाईही कंपनीलाच असते. कडकनाथच्या युनिटमध्ये पैशाचा प्रवाहच उलटा होता. आधी पैसे शेतकरी देणार, माल नंतर कंपनी घेणार. ज्याला माल विकत घ्यायचा आहे तोच आधी पैसे मागतो आहे, एवढ्यावर थांबून विचार करायला हरकत नव्हती. पण वर नाव होते ‘करार शेती’, आणि त्या नावाची भीती आपल्याकडे कुणाला वाटत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. २०० पक्ष्यांत नर-मादी निम्मे-निम्मे धरले, तर १०० माद्या तेव्हाच उरतात जेव्हा एकही पिल्लू मरत नाही. ब्रूडिंगच्या, म्हणजे पिल्लांना ऊब देण्याच्या दिवसांत थंडी, ढीग करून चेंगरणे, मानमोडी आणि देवीचे रोग, मांजर, मुंगूस यांतून शंभरातली पाच-दहा पिल्ले गेली तर कोणी आश्चर्य करत नाही. हिशेबात मरतुकीचा रकानाच नव्हता. मरतुकीशिवाय मांडलेला कोंबड्यांचा हिशेब कोंबड्या न पाळलेल्या माणसाने मांडलेला असतो, किंवा ज्याला तो खरा ठरवायचाच नसतो त्याने.

झाबुआचा पक्षी

कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलिराजपूर पट्ट्यातला. भिल्ल आणि भिलाला घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला. तिकडे त्याला ‘काली मासी’ म्हणतात. देवीला वाहायचा, पाहुण्याला खाऊ घालायचा, नडीला विकायचा. पिसे, कातडी, चोच, पाय, जीभ, हाडावरचे आवरण, आतले अवयव, सगळ्यांत काळेपणा उतरलेला. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळाले. छत्तीसगडमधल्या दंतेवाड्यानेही दावा केला होता, पण मानांकन झाबुआकडे गेले. ते मिळाले ते मांसाला, हे लक्षात ठेवावे. इस्लामपुरात घातलेल्या अंड्याला त्या मानांकनाचा कायदेशीर फायदा काडीचाही नव्हता. जाहिरातीला मात्र भरपूर झाला.

बरेली-इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने या जातीचे आकडे प्रसिद्ध केलेले आहेत. २० आठवड्यांना वजन साधारण ९२० ग्रॅम. पहिले अंडे १८० दिवसांच्या आसपास. वर्षाला अंडी १०५. फलित अंड्यांचे प्रमाण ५५ टक्के. फलित अंड्यांतून पिल्ले निघण्याचे प्रमाण ५२ टक्के. चांगल्या शेडमध्ये, चांगल्या नरांसह आणि काटेकोर उबवणीत यापेक्षा बरे निकाल निघतात. पण अनोळखी माणसाकडून अंडी घेताना किंवा विकताना मी तरी हेच आकडे समोर ठेवीन. शिवाय ही कोंबडी सहसा मन लावून खुडूक बसत नाही. गावात तिची अंडी दुसऱ्या गावरान कोंबडीखाली रवणीला ठेवतात. मोठ्या प्रमाणावर करायचे तर यंत्र लागतेच.

एकाची दहा

आता युनिटची ७,५०० अंडी घ्या. ५५ टक्के फलित म्हणजे ४,१२५. त्यातली ५२ टक्के फुटली तर २,१४५ पिल्ले. एका युनिटला २०० पक्षी, म्हणजे एका युनिटच्या वर्षाच्या अंड्यांतून दहा नवी युनिटे उभी राहतात. पुढच्या फेरीत शंभर, त्यापुढे हजार, मग दहा हजार. आणि हे जातीचे रडतखडत आकडे धरून. उबवणी चांगली झाली तर योजना आणखी लवकर बुडते, हा या प्रकरणातला सर्वांत विचित्र भाग.

कारण कंपनीच्या बाजूचा हिशेब असा आहे. २,३०,००० रुपयांच्या अंड्यांतून २,१४५ पिल्ले, म्हणजे एका दिवसाच्या पिल्लावर नुसत्या अंड्याचाच खर्च १०७ रुपये. वीज, यंत्र, मजूर, लस, वाहतूक वेगळी. हे पिल्लू परवडण्याइतकी किंमत फक्त एकच गिऱ्हाईक देऊ शकते: नवे युनिट घेणारा. एका जुन्या युनिटचे २,७५,००० फेडायला जवळजवळ चार नवी युनिटे लागतात, तेही त्या नव्यांच्या खाद्यावर एक रुपया खर्च न करता. आणि खाद्य काही फुकट नसते. प्रौढ पक्षी दिवसाला १०० ग्रॅमच्या आसपास खातो. १२० पक्षी म्हणजे रोज १२ किलो, वर्षाला ४,३८० किलो. किलोला २५ रुपये धरले तरी १,०९,५०० रुपये. शेतकऱ्याने भरलेले ७५,००० त्याच्याच कोंबड्यांच्या एका वर्षाच्या खाद्यालाही पुरत नाहीत.

मग मधले पैसे आले कुठून? मागून येणाऱ्यांच्या खिशातून, दुसरे उत्तर या आकड्यांत सापडत नाही. कडकनाथ खाणारा माणूस या सगळ्या साखळीत कुठेच येत नाही. अंडी उबवण्यासाठी, पिल्ले पाळण्यासाठी, पाळणे अंडी घालण्यासाठी आणि ती अंडी पुन्हा उबवण्यासाठी.

तमिळनाडूत पेरुंदुराईहून चाललेली इमूची योजना २०१२ मध्ये याच वळणावर कोसळली होती. तिथेही पक्षी पाळणाऱ्याकडून पैसे, वर परताव्याची हमी, आणि इमूचे मांस खाणारा माणूस सापडेना. त्याही आधीचे उदाहरण अमेरिकेतले. १८४९ मध्ये बोस्टनच्या पब्लिक गार्डनमध्ये कोंबड्यांचे पहिले मोठे प्रदर्शन भरले आणि चीनमधून आलेल्या थोराड कोंबड्यांपायी न्यू इंग्लंडच्या लोकांना वेड लागले. पाच-सहा वर्षांत तो ताप उतरला. तेव्हा कोणी हमीपत्र दिले नव्हते, कोणी पळूनही गेले नाही. ज्यांना ज्यांना पक्षी हवे होते त्या सगळ्यांकडे पक्षी झाले, एवढेच पुरले.

उतरता दर

या साऱ्यात मला सर्वांत बोलकी वाटते ती दराची उतरण. ५०, ३०, २०.

कोणत्याही हॅचरीवाल्याला विचारा, तलंगेची, म्हणजे नुकत्याच अंड्यावर आलेल्या कोंबडीची, पहिली अंडी तो यंत्रात घालत नाही. ती लहान असतात, आकाराने वेडीवाकडी, कवच कधी पातळ, फलनाचा भरवसा कमी, आणि फुटलेच तर पिल्लू अगदी लहानखुरे. पहिला महिनाभर ती अंडी घरात खातात किंवा दुकानात देतात. अंड्याला वजन आले, आकार बसला, की मग उबवणीसाठी गोळा करायला सुरुवात. म्हणजे ज्याला खरोखर पिल्ले काढायची आहेत, त्याचा दर सुरुवातीला कमी आणि नंतर चढता हवा.

इथे उलट. १०० माद्यांची पहिली २,००० अंडी म्हणजे प्रत्येकीची पहिली वीस. उबवणीला सर्वांत वाईट अंडी, आणि भाव सर्वांत चढा. हॅचरीच्या डोक्याने पाहिले तर हा वेडेपणा आहे. गुंतवणूक गोळा करणाऱ्याच्या डोक्याने पाहिले तर नेमका आहे. रोज ३०-३५ अंडी धरली तर २,००० अंडी दोन महिन्यांत होतात आणि शेतकऱ्याच्या हातात एक लाख पडतात. मुद्दल वसूल, वर पंचवीस हजार नफा, आणि अजून साडेपाच हजार अंडी बाकी. एवढ्यावर माणूस दुसरे युनिट घेतो. मेहुण्याला सांगतो. पारावर बोलतो. सुरुवातीच्या काहींना पैसे मिळाले आणि तेच खरे, जाहिरातीपेक्षा खरे, प्रचारक झाले. त्यांनी कुणाला फसवले नाही. त्यांच्या खात्यात पैसे आलेच होते.

हे वाचून ‘शेतकरी लोभी’ असे म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. उसाचे बिल कारखान्याकडून हप्त्याहप्त्याने येणाऱ्या भागात दोन महिन्यांत एक लाख रोख देणारी गोष्ट लोकांनी करून पाहिली, यात लोभापेक्षा रोखीची गरज जास्त आहे. त्यात २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने सांगली-कोल्हापूर बुडाले, आणि त्याच सुमारास ही योजनाही फुटली. एकाच महिन्यात दोन्ही बाजूंनी मार बसलेली घरे त्या पट्ट्यात आहेत.

गाडी यायची थांबली

अशा योजनेत कंपनी बंद पडल्याची बातमी शेडवर पहिल्यांदा पोहोचते ती खाद्य आणि अंड्यांची गाडी न आल्याने. आणि इथे उबवणीच्या अंड्याचा स्वभाव आड येतो.

फलित अंड्यातला जीव साधारण २१ अंश सेल्सियसच्या वर गेला की हळूहळू वाढू लागतो. म्हणून उबवणीची अंडी १५ ते १८ अंशांत, टोकदार बाजू खाली करून ठेवतात, आणि सात दिवसांच्या आत यंत्रात घालतात. दहाव्या दिवसापर्यंत ओढता येते, त्यानंतर दर दिवसाला पिल्ले घटत जातात. एसी नसलेल्या खोलीत, पत्र्याखाली, उकाड्यात ठेवलेल्या ट्रेमध्ये तर अर्धवट सुरू झालेली आणि तिथेच मेलेली अंडी भरपूर निघतात. रात्री खोली अंधारी करून बॅटरीवर अंडे धरले की दिसते: तांबूस जाळे पसरायला लागलेले, आणि मग त्याच जाळ्याची रक्ताची एक गोल कडी होऊन बसलेली. ती कडी दिसली की ते अंडे यंत्राचेही नाही आणि तव्याचेही नाही.

म्हणजे ५० रुपयांचे म्हणून ठेवलेले अंडे गाडी दहा दिवस चुकली की खाण्याच्या अंड्याच्या भावावर येते, आणि उन्हात राहिले तर उकिरड्यावर जाते. माल धरून ठेवून भाव वाढण्याची वाट बघायची सोय कांद्याइतकीसुद्धा नाही. दुसऱ्या बाजूला १२० तोंडे रोज १२ किलो मागतच असतात. खाद्य थांबल्यावर अनेक शेडांत पक्षी उपासाने मेले, एकमेकांना टोचून रक्तबंबाळ करू लागले. ज्यांनी पदरच्या पैशाने खाद्य घातले, त्यांना शेवटी मिळेल त्या भावाने पक्षी काढावे लागले. हजारो शेडांतून एकाच महिन्यात काळ्या कोंबड्या बाजारात आल्यावर भाव काय राहणार?

गावोगावच्या छोट्या विक्रेत्यांनाही याचा फटका बसतोच. योजनेशी संबंध नसलेला माणूसही कडकनाथचे नाव काढले की गिऱ्हाईकाच्या नजरेत संशयित होतो.

काळे म्हणजे शुद्ध नव्हे

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी. काळ्या कातडीचा गुण प्रभावी आहे. विसाव्या गुणसूत्रावरचा एक भाग दुप्पट होऊन तो येतो, आणि चीनची सिल्की, इंडोनेशियाची अयाम चेमानी यांच्यातही मूळ बदल तोच आहे. प्रभावी असल्यामुळे गावरान कोंबडीवर कडकनाथ नर सोडला तरी पहिल्या पिढीत काळी पिल्ले निघतात, तलंगा तर हमखास. गिऱ्हाईक चोच उघडून जीभ बघते, पाय बघते, खूश होते. खोट पुढच्या पिढीत बाहेर पडते, जेव्हा त्याच्याकडच्या अंड्यांतून पांढऱ्या कातडीची पिल्ले यायला लागतात.

अंड्यावरून तर काहीच कळत नाही. कडकनाथचे अंडे काळे नसते. फिकट तपकिरी, जरा गुलाबी झाक, कुठल्याही गावरान अंड्याशेजारी ठेवले तर ओळखू येणार नाही. मोबाइलवर फिरणारे काळ्याकुट्ट अंड्यांचे फोटो निव्वळ थाप आहेत. त्यामुळे उबवणीचे अंडे घेणारा प्रत्यक्षात विक्रेत्याच्या कळपावर विश्वास विकत घेतो. कळप पाहिला नसेल, तर काहीच घेत नाही.

भराभर वाढवलेल्या कळपांचा आणखी एक घोळ. एकाच हॅचरीच्या पिल्लांतले २० नर आणि १०० माद्या म्हणजे बऱ्याच अंशी भावंडे. दोन-तीन पिढ्या असे चालले की फलन घटते, पिल्ले कवचातच मरतात, निघाली तर कमजोर. नर दरवर्षी बाहेरून, नातेसंबंध नसलेल्या कळपातून आणणे हा या धंद्यातला सक्तीचा खर्च आहे.

अंडी विकायचीच असतील तर

२०२० च्या अखेरीस महेंद्रसिंग धोनीच्या रांचीच्या फार्मसाठी झाबुआतून २,००० कडकनाथ पिल्ले मागवल्याची बातमी आली. जानेवारी २०२१ मध्ये झाबुआतल्या शेडमध्ये बर्ड फ्लू आला आणि ती मागणी बारगळली. पिल्ले रांचीला पोहोचली ती २०२२ च्या एप्रिलमध्ये. या बातमीने पुन्हा भाव चढले, पुन्हा चौकशा वाढल्या. पण नीट पाहिले तर ही मागणीही पाळण्यासाठीचीच होती. मोठ्या नावाची, पण तीच.

म्हणून भाव ठरवताना तळापासून वर यावे. एक मादी वर्षाला ३६ किलो खाद्य खाते, २५ रुपयांनी ९०० रुपये. ७५ ते १०० अंडी दिली तर एका अंड्यामागे खाद्याचाच खर्च ९ ते १२ रुपये. वर्षाला तीनशेहून जास्त अंडी देणाऱ्या लेअर कोंबडीच्या अंड्याशी हे अंडे किमतीत कधीच लढू शकणार नाही. जवळच्या शहरात १५-२० रुपये देऊन ते नियमित खाणारी घरे असतील, तर तेवढ्यापुरत्या कोंबड्या ठेवाव्या. उबवणीचा भाव हा त्यावरचा वरकड धरावा, आणि तो दोन वर्षांत निम्म्यावर येईल असे समजूनच शेडचे कर्ज काढावे.

अंडी पार्सलने पाठवणार असाल तर फुटण्याचे प्रमाण आधीच सांगावे. प्रवासात हादरे बसून अंड्यातली हवेची पिशवी सुटते, त्यामुळे पोहोचल्यावर अंडी एक दिवस टोक खाली करून स्थिर ठेवायला सांगावे. घेणाऱ्याला आकडा द्यायचा तर फलनाचा द्यावा, पिल्लांचा नाही. त्याच्या यंत्रातली आर्द्रता आणि त्याच्या गावातले लोडशेडिंग विक्रेत्याच्या हातात नसते. सातव्या दिवशी बॅटरीवर पाहून बिनफळाची निघालेली अंडी बदलून देणारा विक्रेता टिकतो. ‘शंभर टक्के पिल्ले’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नये. शक्य असेल तर अंड्याऐवजी लस टोचलेले महिन्याचे पिल्लू विकावे. महाग पडते, पण अर्धी भांडणे मिटतात.

आणि नरांचे काय करणार हे आधी ठरवावे. निघालेल्या पिल्लांत निम्मे नर असतात, त्यातले कळपाला हवेत दहा माद्यांमागे एखाद-दोन. बाकीचे पाच-सहा महिने खाऊन सव्वा-दीड किलोचे होतात. तालुक्याच्या गावात चिकनचे दुकान, ढाबा किंवा जत्रेचा बाजार त्यांना काय भाव देतो, हे पहिले पिल्लू आणण्याआधी स्वतः जाऊन विचारावे. दुकानदार गावरानपेक्षा वर एक रुपया द्यायला तयार नसेल, तर त्या तालुक्यात कडकनाथच्या उबवणीच्या अंड्याला गिऱ्हाईक मिळेल ते फक्त दुसऱ्या अंडी विकणाऱ्याच्याच रूपाने.